कोरड्या पायऱ्या

चौकशी अहवालाच्या नवव्या पानावर बाबांबद्दल एकच वाक्य आहे. 'पाणकराने ठेवलेल्या नोंदी काल्पनिक वाटत असल्याने विचारात घेतलेल्या नाहीत.' बाबांचं नाव त्यात नाही.

बाबा, गोपीचंद लंजे, एकतीस वर्षं आमच्या गावच्या तलावाचे पाणकर होते. कोणाच्या बांधीला, धानाच्या खाचराला, कधी आणि किती पाणी जाईल हे पाणकर पाहतो आणि तुडुम, म्हणजे तलावाची जुनी दगडी तोटी, उघडणं-बंद करणं त्याच्याकडे असतं. तलाव आमच्या कोहळी पूर्वजांनी बांधलेला. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये पहाटे साडेपाचला त्याची पाळ, मातीचा बांध, फुटली. पाळीखालच्या टोल्यात, छोट्या वस्तीत, गोंडांची अकरा घरं आहेत. झाडू मडावींची बायको मंगली झोपेतच वाहून गेली. चौदा महिन्यांनी, धान कापणीच्या दिवसांत, बाबा गेले. मधल्या काळात ते एकदाही तलावाकडे गेले नव्हते.

गेल्या जानेवारीत झाडूकाका माझ्या फुलचूरच्या घरी आले. मी गोंदियात एका संस्थेसाठी धानाच्या उत्पन्नाच्या आकडेवारीचं काम करते. ते खुर्चीवर बसले नाहीत. उंबऱ्याजवळ उकिडवे बसले आणि पिशवीतून एक कागद काढला. टोल्यातल्या लोकांनी घरं वर, टेकाडावर हलवून मागितली होती. अर्ज नामंजूर झाला होता. तालुक्याच्या पर्जन्यमापकात त्या रात्रीचा पाऊस फारसा नव्हता. घटना अपवादात्मक होती, असं त्यात लिहिलं होतं. पाळ होती तिथेच, तेवढ्याच उंचीची बांधून मिळणार होती.

"आमी पुन्हा तितंच झोपाचं म्हनते," ते म्हणाले. "तुह्या बापाच्या वह्या हायेत न?"

"आहेत. पण त्या खोट्या ठरवल्यात, काका."

"ठरोतील. मानूस लय चिकट होता तुहा बाप. खोटं लिवाले डोस्कं लागते, तेवढं त्याच्यात नोतं."

मला हसू आलं. बाबा गेल्यापासून त्यांच्याबद्दल एवढं खरं कोणी बोललं नव्हतं.

"एकच काम कर," ते उठता उठता म्हणाले. "जे निंगन ते आमाले सांग. आदी आमाले, मंग सायबाले."

मी हो म्हटलं. तेव्हा मला खात्री होती की काय निघेल ते बाबांच्या बाजूचंच असेल.

आईने वह्या धान्याच्या कोठीवर ठेवल्या होत्या. अकरा वर्षांच्या अकरा. दर दिवशी दोन ओळी, सकाळची आणि संध्याकाळची. तारीख, पायऱ्यांचा आकडा आणि तुडुम 'चा' की 'बं', म्हणजे चालू की बंद. तलावाच्या घाटाला बावीस पायऱ्या आहेत. बाबा पाणी त्यांवर मोजत.

मी सगळं टंकलं आणि आरमध्ये घेतलं. आर ही आकडेमोडीसाठीची प्रोग्रामची भाषा आहे, माझं रोजचं काम तिच्यातच चालतं. पहिल्याच ओळीला तिने पायऱ्यांचा पूर्ण रकाना अक्षरं म्हणून वाचला, कारण मी बाबांसारखेच देवनागरी आकडे घातले होते. ते बदलले. शेजारच्या गावी महसूल मंडळाचा एक स्वयंचलित पर्जन्यमापक आहे, त्याची रोजची नोंद मागवून घेतली. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि त्या तारखेवर लिहितात, पण तो पडलेला असतो आदल्या दिवशी. तो एक दिवस मागे सरकवला.

मग ग्राफ काढला आणि बराच वेळ नुसती बघत राहिले. पाऊस पडला की बाबांचा आकडा खाली जात होता. दोन्हींचा संबंध उणे शून्य पूर्णांक सत्याऐंशी. पावसात तलाव आटतो असं बाबांच्या वह्या म्हणत होत्या. अहवाल लिहिणाऱ्याने हेच पाहिलं असणार आणि वही बाजूला टाकली असणार.

पण खोटं लिहिणारा माणूस पाऊस पाहून पाणी वाढवून लिहील. नाहीतर काहीबाही लिहील, मग आकड्यांत संबंधच दिसणार नाही. अकरा वर्षं, दिवसातून दोनदा, इतक्या नेमाने उलटं खोटं कोण लिहील?

मी रविवारी कोहमाऱ्याला उतरून गावी गेले. झाडूकाकांना घेऊन घाटावर गेले. फुटलेल्या पाळीतून तलावाचं अर्धं पोट दिसत होतं, गाळाला भेगा पडलेल्या होत्या. मी त्यांना ग्राफ दाखवला आणि अडचण सांगितली.

"बाबा पाणी किती पायऱ्या आहे ते लिहीत होते ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पान्यातल्या पायऱ्या दिसते का वो बाई?"

मी घाटाकडे पाहिलं.

"दिसते तेच मोजन न मानूस. वरून कोरड्या किती रायल्या ते. नऊ मंजे नऊ कोरड्या. एक रायली मंजे तलाव भरला. लेकराले बी मालूम हाये." मग म्हणाले, "तू बारा वर्साची असतानी गेली शिकाले गोंदियाले. तुले कसं मालूम रायन."

चौकशी करणारे साहेबही कुठून तरी शिकूनच आले होते. त्यांनी विचारलं असेल, नोंदी पायऱ्यांत आहेत का. बाबांनी हो म्हटलं असेल. विचारल्याच्या पुढे एक शब्द बोलायची त्यांना सवय नव्हती.

घरी येऊन मी बावीसमधून प्रत्येक आकडा वजा केला. एका ओळीचं काम होतं. तलाव पावसाबरोबर चढू-उतरू लागला, काटेकोर, जणू कोणी यंत्र बसवलं होतं. मी त्या दिवशी खूप रडले आणि मग जेवले. बाबा खरे ठरले होते.

टोल्याला हवं होतं ते अजून पुढे होतं. तलाव एका रात्रीत किती चढू शकतो, आणि तुडुम उघडं असतं तर पाळ वाचली असती का. कारण साहेब हेच म्हणणार होते, की तोटी वेळेवर उघडली तर धोका नाही, घरं राहू देत. म्हणून तुडुमचा रकाना लागणारच होता. तोवर मी तो पाहिला नव्हता. आकडे टंकताना मी 'चा' आणि 'बं' यांचे एक आणि शून्य करत गेले होते, हात करत होता.

पाळ फुटण्याच्या आदल्या दिवसाची, शेवटची ओळ अशी होती. संध्याकाळ, पायऱ्या एक, तुडुम बं. तिच्या आधीची, सकाळची, पायऱ्या पाच, तुडुम बं.

म्हणजे बाबांनी पाणी दिवसभरात चार पायऱ्या चढलेलं पाहिलं होतं. एकच कोरडी राहिल्याचं पाहिलं, लिहिलं, आणि तोटी बंद ठेवून घरी आले होते.

वही खोटी असती तर ते फक्त अंदाजे लिहिणारे म्हातारे ठरले असते.

मी काम थांबवलं नाही. अकरा वर्षांत सारख्याच पावसाचे, सारख्याच पातळीचे दिवस काढले, तोटी उघडी असलेले आणि बंद असलेले. उघडी असली की पाणी किती सावकाश चढतं ते मिळालं. त्यावरून ती रात्र पुन्हा चालवून पाहिली, संध्याकाळी सहाला तुडुम उघडून. अंदाज चुकू शकतो, म्हणून एकदा न चालवता, दर वेळी दिवस वेगळे निवडून, हजार वेळा चालवली.

हजारांत एकदाही पाळ वाचली नाही. सांडवा, म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट, गाळाने भरलेला होता आणि एकटं तुडुम पुरलं नसतं. टोल्याला धोका होता आणि राहणार होता. फक्त पाळ उशिरा फुटली असती. नऊशे एकेचाळीस वेळा ती सकाळी सातनंतर, टोला जागा झाल्यावर, फुटली. एकोणसाठ वेळा त्याआधी.

ते एकोणसाठ मी वेगळे काढून पाहिले. त्यांत काही चूक आहे का पाहिलं, मग बाबांच्या बाजूने त्यांत काही बळ आहे का पाहिलं. नव्हतं. ते फक्त एकोणसाठ होते.

आईला सांगायला पुन्हा गावी गेले. आई, सुभद्राबाई, अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी कोरड्या पायऱ्यांचं सांगितलं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं. उरलेलं सांगितलं तेव्हा ते पुन्हा उचललं.

"कायले करून राहिली हे? मेलेल्या मानसाले दोनदा मारते का?"

"टोल्यातल्या लोकांना तिथेच राहावं लागेल, आई."

"मंग ते एकोनसाठ लिव न. तेवढंच लिव."

"तसं लिहिता येत नाही."

"काऊन नाही येत? तूच तं लिवून राहिली."

ती पाखडत राहिली. मग सुपाकडेच बघून बोलू लागली.

"पाळ फुटाच्या आदल्या साली त्यानं आपल्या मनानं सोडलं होतं पानी. असाच पाऊस होता. मंग पाऊसच गेला, शेवटच्या बांध्या सुकल्या. तलाव कमिटीचा अध्यक्ष टिकाराम चावडीवर उभं करून बोलला, तलाव तुह्या बापाचा हाये का म्हने. त्या साली पानकराच्या मजुरीचं धान कोनी देल्लं नाही. एका घरानं नाही. पाळ फुटाच्या आदल्या संध्याकाळी दोनदा गेला तो टिकारामाच्या घरी, सोडू का म्हनून इचाराले. टिकाराम गोंदियाले गेला होता. फोन लागे नाही. जेवला नीट नाही. सकाळी इचारतो म्हने."

डाळीतला एक खडा तिने काढून टाकला. "हे कुठं लिवशील? हाये का याले रकाना?"

नव्हता. मी निष्कर्षांच्या टिपणाच्या शेवटी चार ओळींत ते लिहिलं, पण आकड्यांपुढे त्या चार ओळी काय आहेत हे मला माहीत होतं. बाबांना विचारायची सवय आम्ही सगळ्यांनी मिळून लावली होती आणि त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं. तरी मंगलीने कोणाला विचारायला हवं होतं?

टोल्यात गेले तेव्हा दुपार होती. झाडूकाकांच्या नव्या घराला पत्र्याच्या भिंती आहेत. त्यांची सून दिव्या हिने मला चहा दिला. मी काकांना बाजूला चला म्हटलं.

"बाजूले कायले? काय निंगलं?"

"घरं हलवायला हवीत हे निघालं. तुडुम उघडं असतं तरी पाळ फुटली असती."

"बरं मंग."

"पण उशिरा फुटली असती. सातनंतर."

"मंजे तोटी बंद होती."

"हो. एक पायरी कोरडी होती आणि बंद होती. बाबांनीच लिहिलंय."

"सातच्या बाद. पक्कं?"

"हजारात नऊशे एकेचाळीस."

"सात वाजता मंगली बांधीत रायते," ते म्हणाले. रायते, असंच म्हणाले.

मी टिकारामचं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. मग उठून बाहेर गेले आणि घराघरात हाका मारल्या. माणसं आली, बाया आल्या, वीस-बावीस जण अंगणात बसले.

"वाच," ते म्हणाले. "जे लिवलं ते सारं. काही सोडजो नको."

मी वाचलं. पायऱ्या कशा मोजायच्या ते, तलाव रात्रीत किती चढतो ते, हजार वेळांचं. 'पाणकर गोपीचंद लंजे यांच्या नोंदीनुसार' हे मी सात ठिकाणी लिहिलं होतं, ते सात वेळा वाचलं. शेवटच्या चार ओळीही वाचल्या. एक म्हातारी मधेच उठून गेली. बाकी कोणी हललं नाही. दिव्याने माझ्या पुढ्यातला अर्धा भरलेला कप उचलून आत नेला.

मग काकांनी नवा अर्ज पुढे केला. एकेकाने सही केली, ज्यांना येत नव्हती त्यांनी अंगठा लावला. काकांनी सगळ्यांत शेवटी लावला आणि शाईचं बोट लुंगीला पुसलं. माझं टिपण त्यांनी अर्जाखाली ठेवून टाचणी मारली, आणि ती घट्ट बसली का ते ओढून पाहिलं.

"तुह्या बापानं बराबर मोजलं," ते म्हणाले. "हे मी सायबासमोर सांगन. दुसरं काही मायाकडून आयकाची आस ठेवजो नको."

मी मान हलवली.

"आता जाय. कोहमाऱ्याची गाडी चार वाजता हाये."