मालसुनची वीस मिनिटं

"हिरवा कागद म्हणजे जमलं, लाल म्हणजे अडलं. अडलं की लाल कागद संगणकावर चिकटवायचा. लाजायचं नाही," मालसुन म्हणाली, आणि तिला तिचाच आवाज खूप लांबून, पाण्याखालून आल्यासारखा वाटला.

खिडकीबाहेर दक्षिण कोरियातल्या यॉसू बंदराचा समुद्र धुक्यात बुडाला होता. बोटींचे भोंगे तेवढे ऐकू येत होते. समोर बारा मुलं आणि मागच्या भिंतीशी परीक्षक म्हणून संगणक केंद्राचे प्रमुख ताकसर. नोकरीसाठीच्या या चाचणी-तासात, वीस मिनिटांत, प्रत्येकाच्या पडद्यावर भरती-ओहोटीचा आलेख उमटला पाहिजे. जमलं तर ती अर्धवेळ प्रशिक्षक, आठवड्यातून दोन दुपारी.

सव्वीस वर्षं ती याच विद्यापीठात समुद्री शेवाळाची पानं पट्टीने मोजत आली होती. सेहेचाळिसाव्या वर्षी, विद्यार्थ्यांच्या खांद्यावरून बघत बघत ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. दिवसभराचं काम यंत्राने डोळ्यांदेखत संपवलं तेव्हा तिला चक्क रडू फुटलं होतं. आता फेब्रुवारीत प्रयोगशाळा बंद होणार होती आणि तिला घरी बसायचं नव्हतं. हल्ली डोळा लागला की तिला वर्गच दिसायचा. प्रत्येक पडद्यावर समुद्र असायचा आणि मुलं हसत असायची.

"मावशी, टेन्शन घेऊ नका हं, आम्ही आहोत," पहिल्या रांगेतला ह्वान तास सुरू होण्याआधी म्हणाला होता. तो तिच्याच प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होता. इथे सगळ्यांत सीनियर तोच.

दहा मिनिटं झाली. बाराच्या बारा हिरवे! ताकसरांनी खूश होऊन मान डोलावली. मालसुन तरंगल्यासारखी रांगांमधून फिरली आणि शेवटच्या बाकाशी थबकली. नारी नावाच्या मुलीच्या पडद्यावर लिहिलं होतं, 'फाइल सापडली नाही.' वर हिरवा कागद. शेजारच्याचंही तेच. ती पुढे आली. ह्वानच्या पडद्यावरही तेच, आणि त्याचाही कागद हिरवा.

तिला कळून चुकलं. सीनियरने हिरवा लावल्यावर मागे बसून लाल लावायची कुणाची छाती होणार? तिने स्वतः एकदा प्राध्यापकांना विचारायच्या भीतीने वर्षभर चुकीचा रकाना भरला होता. आताही मोठ्या पडद्यावर स्वतः आलेख काढून दाखवला असता तर टाळ्या पडल्या असत्या, दोन दुपारीही मिळाल्या असत्या.

जागेवर येऊन तिने आपली फाइल गुपचूप भलत्याच फोल्डरमध्ये सरकवली आणि फाइल उघडायची तीच ओळ पुन्हा चालवली. तिच्याही पडद्यावर 'फाइल सापडली नाही' असं आलं. मग स्वतःच्या संगणकावर लाल कागद चिकटवला.

"अगं बाई, माझीच फाइल हरवली! ह्वान, ये रे, बघ जरा."

ह्वान आला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "मावशी," तो हळूच म्हणाला, "माझीही हरवलीय."

"मग मोठ्याने सांग की! चोरी केलीयस का?"

कुणीतरी फिसकन हसलं. ह्वानने जागेवर जाऊन हिरवा काढून लाल लावला. मागून नारीने, मग भराभर सगळ्यांनी. फाइल जाते कुठे आणि तिला शोधायचं कसं, यातच उरलेला वेळ गेला.

"वेळ संपला," ताकसर म्हणाले. "आलेख झाला नाही, मालसुनबाई. सगळे हिरवे होते की, पुढे जायचं होतं."

"हिरवे होते, सर. पण जमलं नव्हतं."

त्यांनी गुणांच्या तक्त्यावर 'अपूर्ण' असं लिहिलं. ते तिला लांबूनही वाचता आलं. आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं. ती वायर गुंडाळू लागली.

पण कुणीच उठलं नाही.

"पुढची ओळ सांगा ना," नारी म्हणाली. "आत्ता कुठे समजायला लागलंय."

मालसुनने ताकसरांकडे पाहिलं. ते घड्याळाकडे पाहत होते, पण नाही म्हणाले नाहीत. तिने ओळ सांगितली. नारीच्या पडद्यावर एक निळी रेघ वर चढली, उतरली, पुन्हा चढली. "अय्या!" ती ओरडली.

दारात पुढचा उमेदवार येऊन थांबला होता. तरुण, नवा कोरा सूट घातलेला. ताकसरांनी त्याला आत बोलावलं. तो थोडा वेळ उभ्याने ऐकत राहिला, मग शेवटच्या रिकाम्या खुर्चीवर बसला आणि त्याने आपला संगणक उघडला.

"फाइल कुठे ठेवायची म्हणालात, बाई?"

मालसुनने एक खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.