माथ्यावरचा वेल

“काका, वेल काढावाच लागंल. मुळ्या पार गिलाव्यात शिरल्यात,” शिडीवरून बिभीषण पेंटर म्हणाला.

महालिंगप्पा खाली शिडी धरून उभे होते. नातीचं लग्न तोंडावर आलेलं, धाराशिवच्या त्या दोन खोल्यांना रंग हवाच होता. पण हा मनी प्लांट त्यांनी हातानं वाढवलेला. चार वर्षांमागं बायकोला, चन्नम्माला अर्धांगवायू झाला, वाचा गेली, ती खाटेवर उताणी पडली, तेव्हा लेकीनं बाटलीत एक फांदी आणून ठेवली होती. मुळं फुटल्यावर महालिंगप्पांनी ती कुंडीत लावली, खिळ्यांना सुतळी बांधून खाटेवरच्या छतापर्यंत चढवली. माती सुकली की पाणी, सोमवारी ओल्या फडक्यानं हाताला येतील तेवढी पानं पुसायची. मान वर करून निवांत बघायला मात्र सवड कुठली? बायकोला भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं.

“नो... नो...” खाटेवरून चन्नम्मा म्हणाली. उरला होता तो एवढाच आवाज. नको म्हणते, असं समजून घरातले ताट उचलत, पंखा बंद करत.

“काकू बी वेल नको म्हणायल्यात. कापू का?”

“थांब जरा.”

तिला वळवायला म्हणून ते खाटेवर बसले. पाठीत उसण भरली, तसे तिच्या शेजारीच आडवे झाले, आणि नजर वर गेली.

कुंडीत विड्याच्या पानाएवढी असलेली पानं वर ताटाएवढी झाली होती. झरोक्यातलं दुपारचं ऊन त्यांतून गाळून येत होतं, शीर न् शीर उजळली होती. सगळं छत हिरवं, जिवंत. आपण घातलं ते तांब्याभर पाणी. हे एवढं कुठून आलं?

“नो...ड,” चन्नम्मा कानाशी पुटपुटली.

नोड... नोड्री. बघा. तिचं माहेर कर्नाटकातल्या आळंदचं, लहानपणची बोली कानडी. चार वर्षं ती बघा म्हणत होती.

“बघायलोय गं,” ते म्हणाले. “बिभीषण, छत ऱ्हाऊ दे. भिंती तेवढ्या रंगव.”

वेलाच्या टोकाला एक पोपटी पान अजून गुंडाळलेलंच होतं.

“ह्ये किती दिसांत उघडंल?” त्यांनी तिला विचारलं.

चन्नम्मानं डावा हात हळूहळू उचलला आणि दोन बोटं दाखवली.