आठ थेंब

निळं औषध काचेच्या नळीत दोन बोटं भरायचं, त्यात नवऱ्याच्या सकाळच्या लघवीचे आठ थेंब सोडायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर देव पावला. हिरवं झालं तर जपायचं. पिवळं झालं तर भ्यायचं. आणि विटेसारखं लाल झालं तर काय, ते डॉक्टरांनी लगेच सांगितलं नव्हतं. त्यांनी नुसतं आप्पाजींच्या उजव्या पायाकडे बघितलं होतं.

अंबूबाई रोज उजाडताना परसात बसून नळी धरत होती. एकोणीस दिवस झाले, एकोणीस दिवस वीट.

आप्पाजी कॉटनपेट या पेठेतले कोट शिवणारे. पुढं दुकान, मागं घर. वकिलांचे काळे कोट, लग्नाचे बंद गळ्याचे कोट. खांदा असा बसायचा की माणूस दोन इंच उंच वाटायचा. तीस वर्षं त्यांचा उजवा पाय मशीनच्या पायडलवर होता आणि तीस वर्षं गल्लीला त्या आवाजाची सवय होती. आता त्याच पायाच्या अंगठ्याला जोड्यानं घासून जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. काठाला काळी पडायला लागली होती.

"साखर उतरली तर पाय राहील," डॉक्टर शेवटी म्हणाले होते. "दीड महिना देतो. नळी निळी झाली नाही, तर आधी बोटं जातील, मग पाऊल."

घरात साखरेचा डबा अंबूबाईनं कधीच उचलून ठेवला होता. रागीची म्हणजे नाचणीची भाकरी, मेथी, कारलं. ती आणि आप्पाजींची थोरली विधवा बहीण ठकुबाई, दोघी पहाटे जात्यावर समोरासमोर बसून रागी दळत. मग लाल कशानं होतं?

ते कळायला फार लांब जावं लागत नव्हतं. दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, अन्नकूट भवन होतं. एकोणसाठ साली दसऱ्याला उघडलेलं. भीमाचार्यांची ही तिसरी शाखा. पहिली मार्केटजवळ, दुसरी देवळाच्या रस्त्याला. दुपारी चार वाजले की तिथला वाढणारा सप्लायर गल्लीतल्या बारा दुकानांत बारा बशा नेऊन ठेवी. कॉफी आणि म्हैसूरपाक, फुकट. दुकानदारानं खावं आणि आपल्या गिऱ्हाइकाला समोर पाठवावं, एवढंच. म्हैसूरपाक असा, की बशीत निथळून थिजलेलं तूप बशी कलती केली तरी हलत नसे.

विसाव्या दिवशी अंबूबाई पदर खोचून रस्ता ओलांडून गेली. हॉटेल भरलेलं. भीमाचार्य गल्ल्यावर बसले होते, कपाळाला गंध, कानात भिकबाळी.

"आचार्य, आमच्या दुकानात बशी पाठवायची नाही."

"का हो अक्का? तूप वास मारतं काय?"

"यांना साखरेचा आजार आहे. पाय सडतोय."

भीमाचार्यांनी हळहळल्यासारखं तोंड केलं. "अरेरे. मग आप्पाजी अण्णांनी खाऊ नये."

"तुम्ही देऊ नये."

"अक्का, मी पान मांडतो. तोंड ज्याचं त्याचं. तीन शाखांत रोज हजार माणसं जेवतात. एकेकाची नाडी बघून इडली देऊ काय?"

"जो येऊन मागतो त्याला द्या. यांनी मागितलं कधी? तुमचा माणूस चार वाजता दारात येऊन नाकाखाली धरतो. तोंड ज्याचं त्याचं, मग बशी कुणाची?"

बाकांवरचे लोक चमचे थांबवून बघायला लागले. भीमाचार्यांना ते आवडलं नाही. त्यांचा आवाज बारीक आणि धारदार झाला.

"बशी बारा दुकानांत जाते. बाकी अकरा जणांचे पाय शाबूत आहेत, अक्का. अकरा जणांना जो बाधत नाही तो माल वाईट, का बारावा माणूस हावरा? घरी नवऱ्याला पोटभर घातलं, तर तो दुसऱ्याच्या भट्टीकडे बघेल कशाला?"

कुणीतरी खुसकन हसलं. अंबूबाईनं मागं वळूनही बघितलं नाही.

"घरी मी काय घालते ते माझी नळी सांगते. तुम्ही काय घालता तेही तीच सांगते. उद्यापासून लाल नळी धुऊन टाकायची नाही, तुमच्या गल्ल्यावर आणून ठेवायची, कृष्णाच्या तसबिरीखाली. बघू दे गिऱ्हाइकांना तुमच्या तुपाचा रंग."

"शिव शिव!" भीमाचार्य उठलेच. "सरी, सरी! बरं, नाही पाठवत!" आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं सप्लायरांकडे बघून ओरडले, "ऐका रे! समोरच्या आप्पाजी अण्णांना गोड द्यायचं नाही! कॉफी पण बिनसाखरेची! त्यांच्या बायकोची ताकीद आहे!"

आता सगळेच हसले. रस्त्यापलीकडे, गळ्यात टेप घालून, आप्पाजी दुकानाच्या उंबऱ्यात उभे होते. ते सगळं ऐकत होते. अंबूबाई परत आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कोट शिवून मी लोकांची अब्रू झाकतो. माझी तू रस्त्यावर काढलीस."

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी हॉटेलात चार मित्रांबरोबर बसायचं बंद झालं, कारण सप्लायर आता त्यांना 'बिनसाखर अण्णा' म्हणत होते. ते दुकान बंद करून सरळ घरात येत आणि बहिणीच्या खोलीत बसत.

पण पाचव्या दिवशी नळी हिरवी झाली. सहाव्या दिवशी निळी. सातव्या दिवशीही निळी, आभाळासारखी. अंबूबाईनं नळी उन्हात धरून बघितली आणि तिचे डोळे भरले. नवरा न बोलला तर न बोलू दे. पायावर चालत येऊन न बोलू दे. दुसऱ्या दिवशी जात्याचा खुंटा धरला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं ओवी सोडली:

भीमाचार्याच्या भट्टीवर, तूप पडतं धारेनं
माझ्या घरचं पाऊल, झिजलं त्याच्या दारानं

जात्याच्या पलीकडून, तोच खुंटा धरून, ठकुबाईनं उत्तर दिलं. ती भावजयीकडे बघत नव्हती, पिठाकडे बघत होती:

पाठीच्या माझ्या भावाच्या, ताटी वाढलं कारलं
आईमागं या हातानं, कधी कडू ना चारलं

"वन्सं, टोमणा मला आहे का कारल्याला?"

"दळ तू," ठकुबाई म्हणाली. "हात थांबला की पीठ जाडं येतं."

पंधरा दिवस नळी निळी होती. आणि पंधरा दिवस जखम वाढत होती. अंगठा काळा झाला, त्याच्या शेजारचं बोट सुजून जांभळं झालं. पायाला वास यायला लागला, तेव्हा आप्पाजी दुकानात उदबत्ती लावून बसायला लागले. अंबूबाई त्यांना टांग्यात घालून दवाखान्यात घेऊन गेली आणि डॉक्टरांवरच उसळली.

"नळी निळी आहे. मग पाय का सडतो? तुमचं औषध खोटं आहे!"

 आप्पाजींना डॉक्टरांनी दवाखान्याच्याच न्हाणीत बाटली देऊन पाठवलं आणि कंपाउंडरला दाराशी उभं केलं. मग तिच्यासमोर आठ थेंब सोडून नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, पिवळं नारिंगी. आणि मग वीट. पहिल्यापेक्षा गडद.

"बाई, तुम्ही घरी जे तपासता ते या माणसाचं नाही," डॉक्टर म्हणाले. "परवा सकाळी यांना भरती करा. बोटं काढावी लागतील."

आप्पाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अंबूबाई परसात कपडे धुण्याच्या दगडामागं जाऊन बसली. न्हाणीचं दार वाजलं. बाहेर आली ती ठकुबाई. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि हातातली बाटली कोनाड्यात ठेवली. तिथेच रोज आप्पाजींची बाटली असायची.

अंबूबाई उठली. "कुणाची ही?"

ठकुबाई दचकली नाही. पासष्ट वर्षांची, वाळकी, जन्मात दोन वेळा पोटभर न जेवलेली बाई. तिची नळी निळी नसेल तर कुणाची असणार?

"माझी. रोज माझीच. काल रात्री आप्पा म्हणाला, आता बाटली बदलू नको. मी म्हटलं, एवढ्यानं काय बिघडतं."

"काय बिघडतं? उद्या त्यांची बोटं कापणार आहेत!"

"मग? लाल दिसली असती तर तू परत गल्लीत नाचली असतीस. दीड महिना त्याला शांतपणे जेवू दिलं का तू? आधी तो हॉटेलात एक म्हैसूरपाक खायचा, चारचौघांत, हसत. तू दवंडी पिटलीस. मग तो माझ्याजवळ येऊन बसला आणि मागितलं."

"आणि तुम्ही दिलंत."

"दिलं. देवळाच्या रस्त्याच्या हॉटेलातून आणायची. नैवेद्य आहे म्हणून सांगायची."

"भीमाचार्यांना माहीत होतं?"

"तिथं गल्ल्यावर तेच असतात शनिवारी. म्हणाले, ताकीद कॉटनपेटेतल्या हॉटेलात आहे, इथं नाही. आणि दोन तुकडे जास्त घातले. देवाला."

अंबूबाई पुढं सरली. "ते परके. तुम्ही बहीण. तुम्ही त्यांचा पाय खाल्लात, वन्सं!"

"तापाच्या साथीत आई गेली तेव्हा आठ वर्षांचा होता तो," ठकुबाई म्हणाली. तिचा आवाज आता फाटला होता, पण ती मागं सरली नाही. "तीन दिवस गुळाचा खडा मागत होता. घरात नव्हता. मी त्याला पाण्यात मीठ घालून पाजलं आणि गोड आहे म्हणून सांगितलं. तो प्याला, अंबू. गोड आहे म्हणाला. आता तो मागतो आणि आता मिळतं. माझा हात आखडत नाही. कापायचा तर माझा हात काप."

अंबूबाईनं कोनाड्यातली बाटली उचलली आणि धुण्याच्या दगडावर फोडली.

आप्पाजींची दोन बोटं गेली. पाऊल राहिलं, पण डॉक्टरांनी भरवसा दिला नाही. इस्पितळातही साखर उतरायला वेळ लागला होता. भीमाचार्य भेटायला आले ते मोसंबी घेऊन. अंबूबाईनं पिशवी त्यांच्या हातातून घेतली नाही.

"अक्का, मी शब्द पाळला होता," ते म्हणाले.

"पाळलात. एका रस्त्यावर पाळलात, दुसऱ्यावर विकलात."

"मागणारा तुमच्याच घरातला होता," भीमाचार्य म्हणाले आणि पिशवी खाटेखाली ठेवून निघून गेले.  

घरी आल्यावर तिनं निळ्या औषधाची बाटली, नळी आणि दिवा आप्पाजींच्या अंथरुणाशी नेऊन ठेवला.

"हे तुमचं. मी बघणार नाही. कुणाचंही घाला. सप्लायरचं घाला."

 आठ दिवस नळी कुणी धरली की नाही, तिनं विचारलं नाही. नवव्या दिवसापासून ते टाचेवर चालत दुकानात जाऊन बसायला लागले, आणि दहाव्या दिवशी सकाळी ती आणि ठकुबाई जात्यावर होत्या. दोघी अबोला धरून दळत होत्या, ओवी नाही, नुसती घरघर. आप्पाजी भिंत धरत परसातून आत आले. हातात नळी होती. ती त्यांनी दोघींच्या मध्ये, जात्यावर, धरली.

वीट.

"माझी आहे," ते म्हणाले. "कुणाची नाही, माझीच."

ठकुबाईनं घाईनं मान हलवली. "मी नाही रे दिलं! देवाशप्पथ, आप्पा—"

"तू नाही. काल चारला बशी आली. नवा सप्लायर आहे, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी पण सांगितलं नाही. खाल्ला. भीमाचार्यानं पाठवला, खरंय. पण तोंडात मी घातला." त्यांनी नळी आणखी पुढं केली. "दोन बोटं गेली तरी घातला."

किती दिवसांनी ते तिच्याशी बोलत होते. अंबूबाईला वाटलं आपण रडू, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आणि आज चारला?"

त्यांनी नळी मोरीत रिकामी केली, धुतली, आणि दुकानात गेले. थोड्या वेळानं तिकडून काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला. अंबूबाई पिठाचे हात घेऊन धावली. ते एका पायावर उभे राहून मशीन ओढत होते. तीस वर्षं ते मशीन रस्त्याकडे तोंड करून होतं, उजेडासाठी. आता ते त्यांना भिंतीकडे फिरवायचं होतं, रस्त्याकडे पाठ करून.

"अंधारात शिवणार? सुईचं नेढं दिसणार आहे का तुम्हाला?"

"समोरचं हॉटेल दिसणार नाही."

ठकुबाईही दारात आली होती. अंबूबाईनं तिच्याकडे एकदा बघितलं, माफीनं नव्हे. "धरा तिकडून, वन्सं," ती म्हणाली. तिघांनी मिळून मशीन फिरवलं.

चारला पाठीमागून हाक आली, "अण्णा! बशी!" मशीन चालू होतं. पुन्हा हाक आली, आणि तिसऱ्यांदाही. आप्पाजी टाचेनं पायडल दाबत होते, चाक अर्धं जाऊन अडखळत होतं, मान खाली होती. मानेवरची शीर ताठ झाली होती. बशीतल्या तुपाचा वास सगळ्या दुकानात भरला. सप्लायर बशी घेऊन परत गेला.

कॉलर शिवून झाली तेव्हा तिचे टाके एक लांब, एक आखूड, वाकडे पडलेले होते. असं काम त्या दुकानातून कधी बाहेर गेलं नव्हतं. आप्पाजींनी ती कात्रीजवळ टाकली. अंबूबाईनं उचलली, उंबऱ्यात उजेडाला जाऊन बसली आणि एकेक टाका उसवायला लागली. उद्या पुन्हा शिवावी लागणार होती.