डिकीवरची अक्षरं

घराण्याची प्रतिष्ठा ऊन, पाऊस आणि काळ या तिघांना पुरून उरते, असं चष्मेवाल्याचं ठाम मत होतं. घराण्याची गाडी मात्र पुरून उरली नव्हती. वडिलांची लालभडक गाडी अंगणात उभी राहून राहून जुन्या विटेसारखी झाली होती. बोट फिरवलं की गुलाबी भुकटी लागायची.

संध्याकाळी जुन्या गाड्यांच्या मंडळाचे चिटणीस तिला पाहायला येणार होते. मंडळात गाडी जावी, मंडळाच्या भिंतीवर वडिलांच्या नावानिशी तिचा फोटो लागावा, एवढीच चष्मेवाल्याची इच्छा. फोनवर त्याने छातीठोकपणे सांगून टाकलं होतं : शोरूममधून कोरी घेतलेली, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. वडील तर स्वतःही हात लावत नसत. चालवायचे काका; वडील शेजारी ताठ बसून समोर बघायचे. मोठी माणसं अशीच बसतात.

सकाळी बायकोच्या स्कूटरवर मागे बसून तो पॉलिश घेऊन आला. दुकानदाराने बजावलं होतं, "हलकंच आहे, वरचा मेलेला थर तेवढा निघेल. पण एकाच जागी घासत बसू नका, खालचा रंगही उतरेल."

त्याने डिकीपासून सुरुवात केली. थेंबभर पॉलिश, मऊ फडकं, छोटे छोटे गोल. फडकं लाल झालं, डिकी चकाकली आणि खालच्या कडेला एक बाक दिसला. भोवतीच्या लालाहून जरा गडद लाल. त्याने आणखी घासलं. बाकाला काना फुटला, मग मात्रा.

आयुष्यभर लोकांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावणारा माणूस चार पावलं मागे गेला आणि त्याने एक डोळा मिटला.

"ठेवा," तो म्हणाला.

"काय ठेवू? चहा?" बायको दारातून म्हणाली.

"अगं, इथे लिहिलंय. ठेवा."

मग त्याला चैन पडेना. डावीकडे सरकत त्याने 'अंतर' बाहेर काढलं. अंतर ठेवा. कधीकाळी इथे अक्षरं चिकटवलेली असणार. ती निघाली, पण त्यांच्याखालचा झाकलेला रंग उन्हातून वाचला होता.

बायकोने वाकून वाचलं. "मामंजींचा स्वभाव कुणी लिहून ठेवला हो?"

वरची ओळ निघाली तेव्हा मात्र हसू मावळलं. ड्रायव्हिंग स्कूल.

चष्मेवाला मटकन पायरीवर बसला. कोरी गाडी! आता चिटणीसांना कुठल्या तोंडाने सामोरं जायचं? मग त्याला दुकानदार आठवला. एकाच जागी घासत बसलं तर रंग उतरतो. उतरू दे की! त्याने फडक्यावर पॉलिश ओतलं.

"काय खोडतोयस रे?" आई काठी टेकत आली.

"आई, गाडी बाबांनी नवी घेतली होती ना?"

"त्यांना नवीच होती." आईने अक्षरं वाचली. "अगोबाई, अजून दिसतंय का हे? यातच शिकायला जायचे. तिसऱ्या दिवशी घातली भिंतीवर. मास्तर म्हणाला, बंपर भरून द्या. तर हे म्हणाले, बंपर कशाला, गाडीच घेतो! ऐट केवढी."

"मग?"

"मग काय, मास्तरच घरी आणून सोडून गेला. यांना पुन्हा चाकाला हात लावायचा धीर झाला नाही."

"म्हणजे काका..."

"नाहीतर कोण चालवणार?"

कुठली भिंत, मास्तर काय बोलला, बाबा कसे दिसत होते? एकेक विचारता विचारता फडक्यावरचं पॉलिश वाळून गेलं, अक्षरं जागच्या जागी राहिली आणि फाटक वाजलं.

चिटणीस गाडीभोवती फिरले. डिकीपाशी थांबले. "कोरी घेतली म्हणालात."

"बाबांना कोरीच होती," चष्मेवाला पुटपुटला. मग त्याने सगळं सांगून टाकलं, भिंतीसकट.

चिटणीसांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. "छान."

"छान?"

"अहो, पहिला मालक कोण याला मंडळात कोण विचारतंय? रंग मूळचा हवा. सगळे नवा मारून आणतात आणि मूळचा म्हणून शपथा खातात. तुमचा पुन्हा मारलेला असता तर ही अक्षरं उरली असती का? घासू नका हं आता! गाडी घेतली मंडळात."

चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने पदर सावरला.

"रविवारी मेळाव्यात फोटो काढू," चिटणीस फाटकातून म्हणाले. "अट एकच. मालकाने गाडी स्वतः चालवत आणायची."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. चष्मेवाल्याला गाडी चालवता येत नव्हती.