गॅसची गाडी

मंजुषाने परवानगी दिली, पण एका अटीवर. गाडी एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तर सगळं काढून टाकायचं.

"सगळं म्हणजे?" विश्वजीतने विचारलं.

"तू बसवलेला प्रत्येक नट."

गाडी बहीण-भावाने मिळून घेतलेली, जुनी, पेट्रोलवरची. सोमवार ते शनिवार ती मंजुषाची. बीड बायपासच्या फ्लॅटमधून सकाळी निघून पाचोडच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राचा पहिला तास गाठायचा, म्हणजे गाडीने रुसून चालायचं नव्हतं. रविवारी ती विश्वजीतची. त्याचं बायपासलाच गॅरेज होतं आणि डोक्यात शर्यत होती. पुण्याकडे एका खाजगी धावपट्टीवर, रीतसर परवानगी काढून, पाव मैलाची. त्यासाठी त्याला इंजिनाला नायट्रस जोडायचा होता.

"तुझ्याच विषयातलं आहे, ताई," तो लाडात येऊन म्हणाला.

विषयातलं होतं, तीच तर पंचाईत होती. नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. इंजिनाच्या उष्णतेत तो फुटतो, ऑक्सिजन मोकळा करतो आणि त्या ऑक्सिजनवर नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल जाळता येतं. ते जास्तीचं पेट्रोल वेळेवर पोचलं नाही, तर आग पिस्टनलाच खायला उठते. म्हणून मंजुषाने महिनाभर प्रश्न विचारून भावाला हैराण केलं. नायट्रसबरोबर पेट्रोलही सोडणारा संच घ्यायला लावला, आणि तोही सगळ्यात लहान मात्रेचा. उष्णता लवकर सोडणारे, थंड जातीचे प्लग लावले, ठिणगी किंचित उशिरा पडेल असं केलं. समोर बसवलेलं बटण चालू असेल, ॲक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबलेला असेल आणि इंजिन ठरावीक वेगात फिरत असेल, तेव्हाच झडप उघडावी, एरवी नाही. पेट्रोलचा दाब घसरला की नायट्रस आपोआप तोडणारा एक छोटा स्विच असतो. विश्वजीतला तो फालतू वाटत होता. तो मंजुषाने स्वतः मागवला.

"एवढ्या सुरक्षेत तर लग्नाची वरात निघेल," विश्वजीत कुरकुरला.

"वरात रस्त्यात थांबली तर चालते. मला तास असतो."

निळा सिलिंडर डिकीत पट्ट्यांनी आवळून बसला, गळती झालीच तर वायू बाहेर जावा म्हणून त्याची नळी गाडीखाली काढली. रस्त्यावर सिलिंडरचा कॉक बंदच ठेवायचा असं ठरलं. मार्चमध्येच पारा अडतिसावर गेला होता आणि छत्तीसच्या पुढे हा पदार्थ द्रव राहत नाही, दाब चढत जातो. त्यामुळे कॉलेजात मंजुषा गाडी कडुनिंबाखाली लावायची आणि सावली सरकली की मधल्या सुट्टीत गाडीही सरकवायची. मुलं हसायची. पण गाडी रोज सुरू होत होती. शर्यत आठवड्यावर आली होती आणि विश्वजीतने शिस्तीने अजून एकदाही बटण दाबलं नव्हतं.

त्या शनिवारी दुपारी पिशोरचे मल्हारमामा आले. मामांच्या घरी मेंढरं, पण त्या साली पाण्याचा असा खडखडाट होता की मेंढरं थोरल्या पोरावर सोडून मामा गावोगाव टँकर फिरवत होते. टँकरची क्लच प्लेट गेली म्हणून तो विश्वजीतच्या गॅरेजात लावून ते वर घरी आले, तेव्हा त्यांच्या हातात बर्फाचा डबा होता. डब्यात मेंढरांची लस होती.

"ऊन बघ कसलं हाय. बर्फ इतळायच्या आत घरी पोचाया पायजे. गाडी देती का, मंजे? उद्या सकाळी आणून सोडतो."

मामांनी उभ्या जन्मात गाडीला ओरखडा पाडलेला नव्हता. मंजुषा प्रात्यक्षिकाचे पेपर तपासत होती, तिने मान वर न करता किल्ली दिली. डबा ठेवायला मामांनी डिकी उघडली आणि खालूनच आवाज दिला, "मंजे, गाडीला गॅस बसीवला व्हय?"

मंजुषा गॅलरीत आली. नायट्रस म्हणजे काय, हे तिसऱ्या मजल्यावरून ओरडून सांगणं तिला जमण्यासारखं नव्हतं. आणि विचारलं ते काही चूक नव्हतं. खोलीच्या तापमानाला तो वायूच.

"हो मामा, गॅसच आहे," ती म्हणाली. "पेट्रोलचा काटा तेवढा बघा, खाली आहे."

"बघतो की!"

तास-सव्वा तासाने फोन वाजला.

"मंजे, गाडी गपगार पडली बघ. हतनूरच्या म्होरं, चढाला."

"आवाज झाला का काही? धूर?"

"काय नाय. गुमान हुभी राह्यली."

मंजुषा विश्वजीतच्या बुलेटवर मागे बसून निघाली. तो वाटभर बोलत होता, वाऱ्यात अर्धं ऐकू येत होतं. पिस्टनला भोक पडलं असेल तर इंजिन उतरवावं लागेल. म्हणजे आठ-पंधरा दिवस तिला एसटी. शर्यत तर गेलीच. आणि अट?

"अट अट आहे," मंजुषा त्याच्या कानाशी म्हणाली.

मामा बाभळीखाली डबा मांडीवर घेऊन बसले होते. चेहरा मात्र दिवाळीतल्या पोरासारखा.

"भाच्या, काय गॅस हाय रं तुझा! आमच्या जुन्या व्हॅनलाबी व्हता, पर ती गॅसवर मेल्यावानी चालायची. ही? पेट्रोलवर चालल्यागत, लोण्यावानी!"

भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मामा, तुम्ही नेमकं काय केलं?" मंजुषाने विचारलं.

"काय म्हंजी? कॉक बंद व्हता, तो खोलला. पेट्रोलवर चालू केली, घराबाहेर पडलो अन् बटण दाबून गॅसवर टाकली. रीतच हाय ती."

रीतच होती. गॅसच्या गाडीची. डिकीत सिलिंडर आणि समोर बटण दिसल्यावर इथल्या कुठल्याही माणसाने हेच केलं असतं.

"आणि काटा?"

"काटा तळाला गेल्ता. पर आपण गॅसवर होतो की! मग चढ लागला. पाय दाबला तर आयाऽऽ! कुणीतरी मागनं ढुंगणावर लाथ घातल्यागत गाडी उधळली. टोपी पार मागच्या काचेला. म्हनलं आजून एकदा. पुन्हा दाबला, तर खुळुक-खुळुक केलं अन् बंद."

विश्वजीतचा आ वासलेला होता. "मामा, मी बसवला आणि मी अजून एकदाही दाबलं नाही हो!"

"मग कशाला बसीवला?"

त्याने बॉनेट उघडून पान्याने पहिला प्लग काढला. मंजुषाने तो त्याच्या हातातून घेतला आणि उन्हात धरून फिरवला. ॲल्युमिनियम वितळलं असतं, तर टोकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चंदेरी मणी उडालेले दिसले असते. टोक स्वच्छ होतं. दुसरा पाहिला, तिसरा, चौथा. चारही फिकट तपकिरी.

"पेट्रोल संपत आलं, दाब घसरला, स्विचने नायट्रस तोडला," ती हळूच म्हणाली. "इंजिनाला काही झालेलं नाही. टाकी कोरडी आहे, बस्स."

विश्वजीतने चारही प्लग परत बसवले. मग बुलेट काढली आणि तो पंपावर गेला.

तो येईपर्यंत मामांना समजावणं मंजुषाच्या वाट्याला आलं. ऑक्सिजन वगैरे सांगून काही होत नव्हतं. मामा मान हलवत होते आणि शेवटी म्हणत होते, "पर गॅस तर हाय ना?" तूच वरून सांगितलंस, हे ते म्हणाले नाहीत, म्हणून तिला जास्तच लागलं.

"मामा, मामी चुलीला फुंकणी घालते ना?"

"घालती."

"चुलीत लाकूडच नसलं आणि फुंकणी घातली तर?"

"डोळ्यात राख."

"आणि लाकूड असलं तर?"

"जाळ भडकतो." मामा थांबले. डिकीतल्या निळ्या सिलिंडरकडे त्यांनी पुन्हा पाहिलं. "म्हंजी ही फुंकणी हाय व्हय? अन् मी बिनलाकडाची भाकर थापीत बसलो!" स्वतःच्या मांडीवर थाप मारून ते एवढे हसले की डब्यातला बर्फ खुळखुळला.

विश्वजीतने कॅनमधलं पेट्रोल ओतलं. दुसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली. मग तो बहिणीसमोर उभा राहिला, हातातला पाना उगाच पुसत.

"ताई, बोल आता. गाडी रस्त्यात थांबली. काढायचं?"

मंजुषाला अट घालताना काय हवं होतं, ते आता तिला नीट दिसत होतं. तिला हवी होती ती बिघडणार नाही अशी गाडी. ती तशी निघाली होती. चढावर, भर उन्हात, चुकीच्या माणसाच्या पायाखाली. ढिलं सुटलं होतं ते गॅलरीतून टाकलेलं एक वाक्य.

"इंजिनाला बसवलंय ते राहू दे," ती म्हणाली. "पण सिलिंडर आठवडाभर गाडीत नको. तो शर्यतीच्या दिवशी चढवायचा, त्याच दिवशी उतरवायचा. आणि बटणाला किल्ली लाव. किल्ली माझ्याकडे."

"चालेल! एकदम चालेल!"

"भाच्या, शर्यतीला मलाबी ने," मामा डबा घेऊन मागे बसत म्हणाले. "आपल्या तिघांत दाबून बघितलेला मीच एकटा. हिनं तरी कुठं दाबलंय?"

मंजुषाने सिलिंडरचा कॉक घट्ट बंद केला, डिकी लावली आणि स्टिअरिंगवर येऊन बसली. पुढे पिशोरपर्यंतचा रस्ता रिकामा, उन्हात चकाकत होता. तिने आरसा नीट केला. बर्फ निम्मा विरघळला होता, तरी ती सावकाशच निघणार होती.

"विशू," ती खिडकीतून म्हणाली, "शर्यतीच्या रविवारी पहिली फेरी माझी."