टेपवाला चेंडू

मर्ल सिंकपाशी बटाटे सोलत होती, पण कान मागच्या बागेत होते. तिचे वडील आल्बी तिच्या मुलीला, टिलीला, चेंडू टाकत होते. कचऱ्याचा हिरवा डबा म्हणजे स्टंप, लिंबाच्या झाडाला लागला की चौकार, कुंपणापलीकडे गेला की आउट. मर्ल याच नियमांवर वाढली होती. चेंडू टेनिसचा, एका अंगाला काळी टेप चिकटवलेला, म्हणजे हवेत छान वळतो. शनिवारी टिलीची जिल्हा संघासाठी निवड चाचणी होती.

धप्प. धप्प.

हिवाळ्यापासून आल्बींचं डोकं मधूनच भलत्याच वर्षात जाऊन बसायचं. त्यांना वृद्धाश्रमात ठेवू, असं भाऊ फोनवर रोज म्हणायचा. मर्लने शेवटी सांगून टाकलं होतं, ज्या दिवशी त्यांच्या हातून कुणाला इजा होईल, त्या दिवशी मीच बॅग भरीन.

वाळवंटावरून येणारा उत्तरेचा वारा भट्टीसारखा तापला होता. एवढ्या उन्हात टिली तीन दिवस लांब बाह्यांचा शर्ट घालून खेळत होती. आताच्या मुलींची फॅशन असेल, म्हणून मर्लने सोडून दिलं होतं.

धप्प. मग टक्क.

मर्लचा हात थांबला. हा टेनिसच्या नाही, कडक कातडी चेंडूचा आवाज होता. आणि टिलीचं हेल्मेट तर समोर खुंटीवर लटकत होतं. हेल्मेटशिवाय कातडी चेंडू नाही, हा घरातला नियम आल्बींनीच केलेला. तरुणपणी त्यांच्या एका चेंडूने कॉलिन नावाच्या पोराचा जबडा मोडला होता. त्याचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नव्हतं.

ती हेल्मेट घेऊन बाहेर धावली आणि तिने टिलीची बाही वर केली. कोपरापर्यंत काळंनिळं.

"मामाला सांगू नकोस ना," टिली पुटपुटली. "मला चेंडू दिसतो, आई. मी वाकते."

"आणि नाही दिसला तर?"

टिलीने बाही पुन्हा खाली ओढली.

"बाई, मैदानातून बाहेर व्हा," पलीकडून आल्बी म्हणाले. आवाज तरुण होता, मजेत होता. "कॉलिन, गार्ड घे. काल वाचलास."

मर्ल दोघांच्या मधे उभी राहिली. तिने टिलीच्या हातातून बॅट काढून घेतली.

"आत जा. माझ्या कपाटावरची तपकिरी बॅग खाली काढ. आजोबांचे पायजमे घाल, दाढीचं सामान घाल. मामाला फोन मी करीन."

"आई, पण तू..."

"बॅग भरेपर्यंत खेळते त्यांच्याशी. एवढं तर खेळू दे."

तिने हेल्मेट डोक्यावर दाबलं. कानाशी घट्ट होत होतं, केसांचा पार चुथडा झाला. आल्बी उलट्या दिशेने पावलं मोजत चालले होते. लिंबाच्या मागे गेले, फाटक उघडून गल्लीत गेले. जुना रनअप, वीस पावलांचा.

मर्लने डब्यापुढे गार्ड घेतला. कुंपणामागे पावलं वळली आणि वेग धरू लागली.