शेवटची चार घरं

कानयंत्राच्या चिपमध्ये प्रत्येक आवाज म्हणजे एक आकडा, आणि त्या आकड्याला घरं, म्हणजे अंक लिहायच्या जागा, मोजून मिळतात. अंबरनाथच्या कंपनीत चिप आखणाऱ्या राजसीने भांडून सोळा घरं मिळवली होती. हळू आवाज शेवटच्या चार घरांत कसाबसा तग धरतो. ती काढली की त्याचं सरळ शून्य होतं. हे हाताखालच्या गंधारला तिनेच शिकवलं होतं, वर रोज आपल्या डब्यातलं खाऊ घालून.

चाचणीसाठी प्रत्येकाने घरच्या माणसांचे आवाज रेकॉर्ड करून आणायचे, अशी त्यांच्याकडे पद्धत. राजसीने आईचा आणला. गळ्याच्या ऑपरेशननंतर उमाताईंचा आवाज पार बारीक झाला होता. पुढे राजसी रजेवर गेली, ती सगळं काम गंधारवर सोपवून, अगदी बिनघोर.

परतली तेव्हा चिप तयार होती. पहिलं यंत्र तिने मोठ्या हौसेने वडिलांच्या, विष्णुपंतांच्या कानात बसवलं. कात्रपच्या आपल्या घरात त्यांना टीव्ही ऐकू येऊ लागला, शेजाऱ्यांची भांडणंसुद्धा. उमाताई पूर्वी त्यांच्या कानाशी येऊन बोलायच्या. आता यंत्र आहे म्हणून बसल्या जागेवरून बोलू लागल्या.

काही आठवड्यांनी त्या कुरकुरल्या, की यंत्र आल्यापासून हा माणूस मला मोजतच नाही. आणि त्याच संध्याकाळी विष्णुपंतांनी लेकीला बाजूला घेतलं. "तुझी आई माझ्याशी बोलत नाही गं. माझं काय चुकलं?"

 दुसऱ्या दिवशी राजसीने ऑफिसात डिझाइन उघडलं. घरं बाराच होती. चाचणीतून एकच आवाज गाळलेला होता, आईचा.

"चिप छोटी हवी होती, बॅटरी टिकायला हवी होती," गंधार स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला. "त्या एका आवाजापायी सगळं अडलं होतं."

"कोणाचा आवाज होता, ठाऊक होतं ना तुला?"

"होतं. म्हणून तर तुला सांगितलं नाही."

बोट धरून शिकवलेल्याने केसाने गळा कापला होता, आणि वर त्याला त्याची लाजही नव्हती. राजसी संतापाने तशीच उठून निघाली.

घरी येऊन तिने वडिलांना सगळं समजावून सांगितलं. 

"म्हणजे ती बोलत होती?"

राजसीने मान डोलावली. विष्णुपंत लगबगीने आत गेले, बायकोशेजारी बसले आणि वाकून कान तिच्या तोंडाशी नेला. उमाताई मेथी निवडत राहिल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत.